प्रीअँपची पहिली परीक्षा शांततेची

रात्री साडेअकराला पंखा बंद केला, फ्रिज बंद केला आणि स्पीकरच्या जाळीला कान लावला. आवाजाचा नॉब शून्यावर होता, गाणं लावलेलंच नव्हतं. तरीही आतून बारीक, सलग असं ‘हूंऽऽ’ येत होतं. हार्मोनियम काढली आणि तो स्वर शोधला. मंद्रातल्या पांढरी पाचच्या किंचित वर लागला.

पांढरी पाच तिथे ९८ हर्ट्झची असते. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, आणि डायोडच्या ब्रिजमधून ती एका दिशेला वळवली की सेकंदाला १०० उंचवटे तयार होतात. म्हणजे मी ऐकत होतो ती भिंतीतली वीज होती. मी बांधलेला पहिला व्हॉल्व्ह प्रीअँप, म्हणजे गाण्याचा स्रोत आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप यांच्या मधला, काचेच्या नळ्यांवर चालणारा डबा, तीच वाजवत होता.

तेव्हापासून तीन प्रीअँप बांधले. नव्याने बांधणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो: व्हॉल्व्ह हा या यंत्रातला सगळ्यात सरळ भाग आहे. अवघड आहे ते त्याला स्वच्छ वीज देणं आणि अर्थिंगच्या तारा योग्य ठिकाणी जोडणं. लोक व्हॉल्व्ह निवडण्यात महिना घालवतात आणि वीजपुरवठा एका दुपारी उरकतात. ते उलट व्हायला हवं.

काचेच्या आत काय चालतं

आपल्याकडे रेडिओ दुरुस्त करणारे ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात, अमेरिकेत ‘ट्यूब’. व्हॉल्व्ह हा शब्द ब्रिटिश अभियंता फ्लेमिंगच्या १९०४ च्या शोधापासून चालत आला. त्याच्या नळीतून प्रवाह एकाच दिशेने जायचा, पाण्याच्या झडपेसारखा. १९०६ मध्ये अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्टने त्यात तिसरा भाग घातला आणि ध्वनी मोठा करण्याचा रस्ता उघडला.

हे तीन भाग डोळ्यांनी बघता येतात. मधोमध एक बारीक नळी असते, ती कॅथोड. तिच्या पोटात हीटर असतो, आणि अंधारात जी मंद नारिंगी धग दिसते ती त्याचीच. कॅथोड तापला की त्याच्यावरच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरचं राखाडी पत्र्याचं कवच म्हणजे अॅनोड. त्याला शे-दोनशे व्होल्ट धन दाब दिला की इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. या दोघांच्या मध्ये केसासारख्या तारेची विरळ गुंडाळी असते, ती ग्रिड.

उसाला पाणी देताना दारं धरणारा माणूस आठवा. पाटाच्या तोंडाशी फावड्याने थोडी माती इकडची तिकडे केली की सबंध सरीचं पाणी वळतं. जोर पाण्याचा, इशारा फावड्याचा. ग्रिड हेच काम करते. तिच्यावरचा ऋण दाब एखाद्या व्होल्टने कमीजास्त झाला की अॅनोडकडचा प्रवाह त्या तालावर कमीजास्त होतो. अॅनोडच्या वाटेत मोठा रेझिस्टर ठेवला की प्रवाहातला हा बदल व्होल्टेजमधला मोठा बदल होऊन बाहेर मिळतो. एवढंच तत्त्व आहे.

व्हॉल्व्ह विकत घेताना वरचा चंदेरी डाग बघा. आतली उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी तो धातू तिथे उडवलेला असतो. काचेला तडा जाऊन हवा आत शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो. चंदेरी डाग पांढरा झालेला व्हॉल्व्ह दुकानदार फुकट देत असला तरी घेऊ नका.

प्रीअँप हवा कशाला

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. सीडी प्लेअर किंवा डॅकमधून (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारा डबा) साधारण २ व्होल्ट येतात. बहुतेक पॉवर अँपना पूर्ण ताकदीने वाजायला एक व्होल्टच्या आसपास पुरतो. म्हणजे मोठं करायला फारसं काही नाहीच. आजच्या प्रीअँपचं खरं काम तीन गोष्टींचं: कुठला स्रोत ऐकायचा ते निवडणं, आवाज कमीजास्त करणं, आणि पुढची केबल व पॉवर अँप दमदारपणे चालवणं.

मग व्हॉल्व्हच का? ट्रायोड, म्हणजे वर सांगितलेला तीन भागांचा व्हॉल्व्ह, जी थोडी भर घालतो ती मुख्यतः दुसऱ्या हार्मॉनिकची असते, म्हणजे मूळ स्वराच्याच वरच्या सप्तकातल्या स्वराची. षड्जावर तार षड्जाचा हलका हात. तानपुऱ्याची जवारी लावताना घोडीवरचा दोरा सरकवून आपण तारेच्या नादात वरचे स्वर मोकळे करतो. कानाला ते नातं ओळखीचं वाटतं. मात्र नीट बांधलेल्या प्रीअँपमध्ये ही भर फारच थोडी असते. जो प्रीअँप पहिल्याच गाण्याला ‘किती गोड’ म्हणायला लावतो, त्यात बहुधा काहीतरी बिघडलेलं असतं. मला स्वतःला व्हॉल्व्ह आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी: इतक्या थोड्या भागांतून गाणं जातं की प्रत्येक भाग काय करतो ते बोट ठेवून सांगता येतं.

मंडल

मंडल म्हणजे सर्किट. त्यासाठी मी ईसीसी८२ हा व्हॉल्व्ह घेतो. अमेरिकन नाव १२एयू७. युरोपीय नावातच त्याची ओळख लिहिलेली आहे: ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, सी म्हणजे ट्रायोड, दोन सी म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. अमेरिकन नावातला १२ हाही हीटरच्या व्होल्टेजचाच आकडा. त्याचा हीटर मधोमध फोडलेला असतो, म्हणून ६.३ आणि १२.६ अशा दोन्ही व्होल्टवर चालतो. ईसीसी८३ हा त्याचा प्रसिद्ध भाऊ शंभरच्या गुणकाचा, म्हणजे सिग्नल कितीतरी जास्त मोठा करणारा. तो रेकॉर्ड प्लेअरच्या पिनेकडून येणाऱ्या पाचेक मिलिव्होल्टसाठी लागतो, इथे तो जास्त होतो. एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही हे व्हॉल्व्ह बनवले. जुन्या साठ्यातले ‘बेल’ छापाचे नग अजून कुठे कुठे मिळतात आणि छान चालतात. नवे हवे असतील तर स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधले मिळतात.

डाव्या-उजव्या प्रत्येक चॅनलला एक व्हॉल्व्ह. पहिला अर्धा भाग आवाज मोठा करतो. त्याच्या अॅनोडला ४७ किलोओहमचा रेझिस्टर, वर २५० व्होल्ट. कॅथोडखाली दीड किलोओहम. या रेझिस्टरमधून प्रवाह गेला की कॅथोड जमिनीपेक्षा (मंडलातल्या शून्य व्होल्टच्या बिंदूला जमीन म्हणतात) चारेक व्होल्ट वर चढतो. ग्रिड शून्यावरच असते, म्हणून कॅथोडच्या तुलनेत ती आपोआप चार व्होल्ट ऋण होते. वेगळी बॅटरी नको, काही जुळवणी नको. प्रवाह वाढू लागला तर कॅथोड आणखी वर जातो आणि प्रवाहाला आवरतो. व्हॉल्व्ह म्हातारा होत गेला तरी ही जोडणी त्याला सांभाळून घेते.

मीटर लावलात तर कॅथोडवर ४.२ च्या आसपास दिसेल. ४.२ भागिले १५०० म्हणजे २.८ मिलिअँपिअर. तेवढाच प्रवाह ४७ किलोओहममधून जाताना १३० व्होल्ट खातो, म्हणून अॅनोडवर १२० च्या आसपास. हे दोन आकडे जमले की मंडल बरोबर आहे. कॅथोडवर शून्य आणि अॅनोडवर पूर्ण २५० दिसले तर व्हॉल्व्हमधून काहीच वाहत नाही. आधी हीटर पेटलाय का बघा.

हा टप्पा सिग्नल नऊएक पट करतो. ग्रिडच्या पिनेला अगदी खेटून एक किलोओहमचा रेझिस्टर लावा. नाहीतर व्हॉल्व्ह कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच ओरडत बसतो आणि आवाज का खरखरतो ते महिनाभर कळत नाही.

दुसरा अर्धा भाग कशासाठी? पहिल्यांदा मी तो लावलाच नव्हता. पहिल्या टप्प्याच्या आउटपुटचा अवरोध २० किलोओहमच्या आसपास असतो, आणि माझ्या पॉवर अँपचा इनपुट १० किलोओहमचा. त्यामुळे बराचसा सिग्नल आतच जिरला, नऊ पटीची तीन पट झाली आणि तार सप्तकात आवाज कडवट लागू लागला. दुसरा ट्रायोड कॅथोड फॉलोअर म्हणून जोडला की तो सिग्नल मोठा करत नाही, फक्त ताकद देतो. त्याची ग्रिड थेट पहिल्याच्या अॅनोडला, त्याचा अॅनोड थेट २५० व्होल्टला, कॅथोडखाली ४७ किलोओहम, आणि आउटपुट कॅथोडवरून. अवरोध सहा-सातशे ओहमवर येतो.

इथे एक बारकावा आहे. चालू केल्यावर पहिली काही सेकंदं व्हॉल्व्ह थंड असतो. तेव्हा फॉलोअरच्या ग्रिडवर पूर्ण व्होल्टेज आणि कॅथोडवर शून्य, अशी ओढाताण होते. दोघांच्या मध्ये १एन४००७ डायोड लावा, त्याच्या पट्ट्याचं टोक कॅथोडकडे. व्हॉल्व्ह तापला की डायोड आपोआप बाजूला होतो.

आउटपुटला कॅपॅसिटर लागतोच, कारण कॅथोडवर १२० हून जास्त व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेची स्थिर वीज, आहे आणि तो पॉवर अँपमध्ये जाता कामा नये. फॉलोअर लावला तेव्हा जुनाच ०.२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर राहू दिला होता. तबला ऐकताना डग्ग्याची घुमक कुठेतरी हरवली. हिशेब केला तेव्हा कळलं: १० किलोओहमसमोर ०.२२ मायक्रोफॅरड म्हणजे ७० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला. २.२ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा फिल्म कॅपॅसिटर बसवला आणि डग्गा परत आला. कॅपॅसिटरच्या पलीकडे जमिनीला ४७० किलोओहमचा रेझिस्टर द्यायला विसरू नका.

आवाजाचं पॉट, म्हणजे नॉबमागचा बदलता रेझिस्टर, १०० किलोओहमचं, दुहेरी आणि लॉग. बाजारात लॉग मागितलं तरी कधी कधी लिनिअर हातात येतं. त्यावर बहुधा ‘बी’ असतं, लॉगवर ‘ए’. लिनिअर लावलं तर नॉब जरा हलवला की एकदम आवाज होतो आणि पुढे नुसताच फिरतो.

वीजपुरवठा

आता मूळ मुद्दा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किंवा आपापल्या गावातला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर गाठा. मागायचं ते असं: २३० व्होल्टच्या प्रायमरीवर एक २०० व्होल्टची सेकंडरी, ५० मिलिअँपिअरची, आणि दुसरी १५ व्होल्टची, एक अँपिअरची. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याची शील्ड घालायला सांगा आणि तिची तार बाहेर काढून घ्या.

२०० व्होल्ट एसी ब्रिजमधून गेले की कॅपॅसिटरवर २८० च्या घरात डीसी जमतो. याला जुने लोक ‘एचटी’ (हाय टेन्शन) म्हणतात, मीही तेच म्हणतो. दोन्ही व्हॉल्व्ह आणि बाकीचं मिळून साधारण १२ मिलिअँपिअर ओढतात. पहिला कॅपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा असेल तर त्याच्यावर १.२ व्होल्टची, १०० हर्ट्झची लाट उरते. या लाटेतला जवळजवळ निम्मा भाग अॅनोडच्या रेझिस्टरमधून थेट गाण्यात मिसळतो.

लाट मारायची रीत म्हणजे वाटेत रेझिस्टर आणि पुढे जमिनीला आणखी एक कॅपॅसिटर. मी त्या पहिल्या प्रीअँपमध्ये २ किलोओहमचा एक रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरड लावले होते. लाट सव्वाशे पट कमी झाली, दहाएक मिलिव्होल्ट राहिली. कागदावर बरं दिसतं. कानाला तीच पांढरी पाच होती.

मग तोच २ किलोओहम दोन भागांत तोडला. एक किलोओहम, कॅपॅसिटर, पुन्हा एक किलोओहम, पुन्हा कॅपॅसिटर. प्रत्येक पायरी लाट साठेक पट खाली आणते, आणि पायऱ्यांचा गुणाकार होतो: साठ गुणिले साठ. दहा मिलिव्होल्टच्या जागी ०.३ मिलिव्होल्ट. एचटी तेवढाच राहिला, खर्च फक्त एका जादा कॅपॅसिटरचा. डाळ एकाच वेळी भरपूर पाण्यात धुण्यापेक्षा तेवढंच पाणी निम्मं-निम्मं दोनदा घालून धुतली की जास्त स्वच्छ होते, तसंच हे.

कॅपॅसिटर ४५० व्होल्टचेच घ्या. आपल्याकडे रात्री उशिरा लाइन २५० पर्यंत चढते, आणि व्हॉल्व्ह काढलेला असला की ओढ नसल्यामुळे एचटी आणखी वर जातो.

हीटरला १५ व्होल्टची सेकंडरी, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि व्होल्टेज १२ वर स्थिर ठेवणारा ७८१२ रेग्युलेटर. दोन व्हॉल्व्ह १२.६ व्होल्टवर मिळून ३०० मिलिअँपिअर घेतात, तेव्हा रेग्युलेटरला हीटसिंक हवाच. रेग्युलेटरच्या जमिनीच्या पायात एक साधा डायोड घातला की १२ चे १२.६ होतात.

जीव आधी

२५० व्होल्ट डीसी माणूस मारू शकतो, आणि बटण बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो बसून असतो. शेवटच्या कॅपॅसिटरला समांतर २२० किलोओहमचा, एक वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडा. त्यानेही पूर्ण रिकामं व्हायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं थांबा, मग मीटरने मोजा, आणि मगच हात घाला. रेझिस्टर तुटलेला असू शकतो, म्हणून मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका. चालू मंडलात मोजताना काळी प्रोब आधीच चॅसिला, म्हणजे सगळं ज्यावर बसवलंय त्या सांगाड्याला, क्लिपने लावून ठेवा आणि डावा हात खिशात. घरात दुसरं माणूस जागं असेल तेव्हाच हे काम करा.

चॅसि धातूची असेल तर थ्री-पिनची अर्थिंगची तार तिला स्क्रूने पक्की आवळलेली हवी. हमिंग घालवायला ती पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. हमिंग जातं खरं. पण एखाद्या दिवशी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की सगळी चॅसि जिवंत होते आणि नॉबला हात लावणारं घरातलं कुणीतरी असतं. असं कधीही करू नका.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज दिवा वापरा: ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लाइनमध्ये. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. सुरुवातीला व्हॉल्व्ह न लावता एचटी आणि हीटरचे व्होल्ट तपासा, मग व्हॉल्व्ह बसवा.

हमिंगचा माग

आता पुन्हा त्या रात्रीकडे येतो. रेझिस्टर दोन भागांत तोडल्यावर पांढरी पाच विझली. पण खाली आणखी काहीतरी होतं, त्याच स्वराचं पण एक सप्तक खालचं, इतकं खोल की कानापेक्षा बोटांना स्पीकरच्या पडद्यावर जास्त जाणवत होतं. तो ५० हर्ट्झ. माग काढताना हे दोन वेगळे ओळखणं फार उपयोगी पडतं. १०० हर्ट्झ असेल तर फिल्टरकडे बघा. ५० असेल तर हीटरच्या तारा, अर्थिंगचा वेढा किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. नॉब शून्यावर नेला आणि हमिंग गेलं तर ते बाहेरून, स्रोताकडून येतंय. तसंच राहिलं तर दोष आत आहे.

माझं तसंच राहत होतं. अर्थिंग मी नीट केलं होतं: प्रत्येक टप्प्याची जमीन वेगळ्या तारेने शेवटच्या कॅपॅसिटरच्या ऋण टोकाला, आणि तिथून एकच तार चॅसिला. पहिल्या कॅपॅसिटरची जमीन मात्र या तारांत मिसळू द्यायची नाही, कारण ब्रिजचे झटके तिच्यातून धावतात. हीटर डीसीवर होता. उरला ट्रान्सफॉर्मर.

बंद करून, पाच मिनिटं थांबून त्याचे स्क्रू काढले, तारा लांब ठेवल्या आणि त्याला लाकडी फळीवर ठेवलं. पुन्हा चालू करून, स्पीकरला कान लावून, फळी प्लास्टिकच्या लांब पट्टीने हळूहळू फिरवली. आवाज वाढला, वाढला, मग उतरू लागला, आणि एका कोनात जवळजवळ नाहीसा झाला. पेन्सिलने खूण केली. दुसऱ्या दिवशी त्याच कोनात नवी भोकं पाडली आणि व्हॉल्व्हपासून चार बोटं लांब सरकवला. जुनी भोकं चॅसिवर अजून तशीच आहेत.

आता स्पीकरला कान चिकटवला तर अगदी बारीक सळसळ येते, लांबून पाऊस आल्यासारखी. ती इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या हालचालीची, आणि ती जात नाही. हातभर मागे सरकलं की तीही ऐकू येत नाही.

एक सवय मात्र लावून घ्या. आधी प्रीअँप चालू करा, मिनिटभर थांबा, मग पॉवर अँप. बंद करताना उलट: पॉवर अँप आधी, प्रीअँप नंतर. व्हॉल्व्ह तापत असताना त्याच्या आतले व्होल्टेज शंभरेक व्होल्टने सरकत असतात आणि त्या सरकण्याचा धक्का आउटपुटच्या कॅपॅसिटरमधून पार होतो. पॉवर अँप तेव्हा जागा असेल तर स्पीकरचा पडदा जोरात पुढे उसळतो. आमच्या घरी दोन्ही बटणांवर कागदी चिकटपट्ट्या आहेत, एकीवर १, दुसरीवर २.